त्रिवाडीचा कॅप्टन आणि सहा फुटी छायाचित्र

मागच्या भागात आपण एकोजीराजांबरोबर तंजावरात शिरलो होतो. आज तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठच्या तिरुवैयारूला जायचे आहे, आणि विषय थोडा वेगळा आहे.

या मालेत तंजावरच्या मोठ्या देवळातला मराठी शिलालेख दाखवला, तेव्हापासून इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणांहून एकच प्रश्न वारंवार येतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात या लेखाचे किंवा कावेरीच्या घाटाचे मोठे छायाचित्र लावायचे आहे; पाच-सहा फुटांचे; तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यावा? काहींनी दुकानदाराने सुचवलेल्या कॅमेऱ्यांच्या किमतीही कळवल्या आहेत. त्या किमतीत मंडळाची दोन वर्षांची वर्गणी जाईल. म्हणून हा प्रश्न नीट सोडवला पाहिजे. आणि गंमत अशी, की तो याच गावात, याच देवळांसमोर, १८५८ साली एका लष्करी अधिकाऱ्याने आधीच सोडवून ठेवला आहे.

त्याचे नाव लिनियस ट्राइप. जन्म १८२२, इंग्लंडातल्या डेव्हनपोर्टचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत, १२व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीत तो अधिकारी होता. १८५४ साली त्याने हळेबीड-बेलूरची देवळे टिपली, १८५५ साली ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर गेला, आणि पुढे मद्रास सरकारने त्याला आपला अधिकृत छायाचित्रकार नेमले. १८५७ च्या डिसेंबरात तो बंगळूरहून बैलगाड्या घेऊन निघाला. साल लक्षात घ्या. उत्तरेत काय चालले होते ते सांगायला नको, आणि हा गृहस्थ श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, मदुरै, पुदुकोट्टै, तंजावर असा देवळे टिपत फिरत होता. १८५८ साली त्याच्या छायाचित्रांचे संच निघाले. त्यातल्या एकाच्या नावात तंजावर आणि त्रिवाडी ही दोन गावे आहेत. त्रिवाडी म्हणजे तिरुवाडी, म्हणजेच आपले तिरुवैयारू. तंजावरला भोसल्यांचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये पुत्राविना वारले होते आणि कंपनीने राज्य खालसा केले होते. म्हणजे ट्राइपने पाहिलेले तंजावर तीन वर्षांपूर्वीच राजाविना झालेले होते. वाड्यात राण्या होत्या, दप्तरे होती, सरस्वती महालात पोथ्या होत्या, फक्त गादी नव्हती.

सर्फोजीराजे १८३२ साली गेले. छायाचित्रण जगाला माहीत झाले १८३९ साली. सात वर्षांचे अंतर पडले. तंजावरात देवनागरी छापखाना घालणारा, पाश्चात्य वैद्यकाची उपकरणे मागवणारा हा राजा आणखी दहा वर्षे जगता तर त्याने कॅमेरा मागवलाच असता, असे मला नेहमी वाटते. असो.

ट्राइपच्या काळात मोठ्या छायाचित्राचे गणित अगदी सरळ होते. तो मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह वापरीत असे. कागद आधी तयार करून ठेवता येई, म्हणून दक्षिणेतल्या उन्हात आणि बैलगाडीच्या प्रवासात हीच पद्धत सोयीची. निगेटिव्ह सुमारे दहा इंच गुणिले चौदा इंच. तिच्याखाली दुसरा कागद ठेवून उन्हात धरायचा, की छायाचित्र तयार. निगेटिव्ह जेवढी तेवढेच. छायाचित्र मोठे करण्याची सोयीची यंत्रे तेव्हा नव्हती. मोठे चित्र हवे असेल तर निगेटिव्ह मोठी हवी, ती मावायला कॅमेरा मोठा हवा, आणि तो उचलायला माणसे व बैल हवेत. आजचा मंडळाचा कार्यवाह जास्त मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजतो तोच हा व्यवहार, फक्त त्या वेळी तो वजनात मोजला जाई.

पण एक काम असे आले की कुठलाही कॅमेरा पुरणार नव्हता. तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानाच्या पायाभोवती राजराज चोळाचे लेख कोरलेले आहेत. देऊळ १०१० मध्ये पुरे झाले, आणि देवाला काय दिले, कोणी दिले, दिव्यांसाठी किती मेंढ्या, नाचणाऱ्या स्त्रियांना कोणती घरे, हे सगळे दगडावर आहे. हा लेख देवळाला वळसा घालून जातो. ट्राइपने काय केले? कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत एकवीस निगेटिव्ह घेतल्या, त्यांच्या एकवीस प्रती काढून एकाला एक जोडल्या, आणि सुमारे एकोणीस फूट लांबीची एक पट्टी तयार केली. १८५८ साली! ब्रिटिश लायब्ररी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय या दोन्ही ठिकाणी ट्राइपची कामे आहेत, आणि २०१४-१५ मध्ये वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्याच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा ही पट्टी पुन्हा चर्चेत आली.

मी स्वतः तोफखान्यातला. आमच्याकडे निरीक्षण चौकीवर बसून समोरच्या मुलखाचे लांबट रेखाचित्र हाताने काढायला शिकवत. डावीकडून उजवीकडे, टेकडी, झाड, देऊळ, पुलाचा खांब, प्रत्येकाचा कोन मोजून. म्हणून ही एकवीस तुकड्यांची पट्टी पाहिली की मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटते. आपल्या मुंबई इलाख्यातही असाच एक होता, कॅप्टन टॉमस बिग्ज, बॉम्बे आर्टिलरीचा, म्हणजे माझ्याच शाखेचा. १८५५ साली त्याने विजापूर, बदामी, ऐहोळे टिपले, आणि मग सरकारने त्याला पुन्हा तोफांकडे बोलावून घेतले. ट्राइपचेही तेच झाले. मद्रासचे नवे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हे सगळे चैनीचे खाते वाटले आणि त्यांनी ते बंद केले. ट्राइप पलटणीत परतला, पुढे निवृत्त झाला, १९०२ साली वारला.

आता आपल्या प्रश्नाकडे. तोफखान्यातल्या माणसाला कोन मोजायची सवय असते. आम्ही पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग करतो, एका भागाला मिल म्हणतो. एक किलोमीटरवरची एक मीटर रुंदीची वस्तू साधारण एक मिल दिसते. निरोगी डोळ्याला जे वेगळे ओळखता येते ते याच्याही जवळपास एक तृतीयांश असते, शास्त्रीय भाषेत एक कलेचा कोन. छपाईचे सगळे गणित एवढ्यातून निघते. छायाचित्र दहा इंचांवर धरले तर डोळा एका इंचात सुमारे ३४४ ठिपके वेगळे पाहू शकतो. म्हणून छपाईवाले ३०० ठिपके सांगतात. पण तुम्ही चाळीस इंचांवर उभे राहिलात, तर ८६ ठिपके पुरतात. सहा फुटांवर उभे राहिलात, तर ४८.

पुण्यातल्या एका छपाईवाल्याकडे मी सहा फुटी चित्राची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "सर, तीनशे डीपीआयशिवाय फाइल आणू नका." मी विचारले, "सहा फुटांचे चित्र बघायला माणूस उभा कुठे राहणार?" तो हसला आणि म्हणाला, "ते आम्ही कधी विचारत नाही."

विचारायला हवे. ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने सहा फूट, म्हणजे ७२ इंच रुंदीला २१,६०० पिक्सेल लागतात. शंभर मेगापिक्सेलच्या महागड्या कॅमेऱ्यातही रुंदीला ११,६०० च्या आसपासच असतात. म्हणजे या नियमाने जगातला जवळजवळ कुठलाच कॅमेरा तुमच्या मंडळाला चालणार नाही. उलट, माणूस चित्राच्या रुंदीइतक्या अंतरावर उभा आहे असे धरले, तर ७२ इंचांना ४८ ने गुणा: ३४५६. आणि हा आकडा चित्र सहा फुटांचे असो वा साठ फुटांचे, बदलत नाही, कारण चित्र वाढले की माणूस मागे सरतो. साधारण ३,४५० पिक्सेल रुंदी म्हणजे आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा. असे कॅमेरे वीस वर्षांपूर्वीच बाजारात आले होते. रस्त्यावरचे फ्लेक्स याहून कमी ठिपक्यांत छापले जातात आणि पुढाऱ्याचे तोंड तरीही ओळखू येते.

थोडी सूट ठेवली पाहिजे. डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणीचा चौकोन असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ साली या मांडणीचे पेटंट घेतले, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष तपशील यांत फरक राहतो. शिवाय लोक कुतूहलाने थोडे पुढे येतातच. म्हणून मी दुप्पट धरतो, म्हणजे रुंदीला सुमारे ६,०००-७,००० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६,००० गुणिले ४,००० असतात. घाटाच्या सहा फुटी चित्राला तो पुरतो, आणि असा कॅमेरा आज वापरलेला घेतला तर मंडळाचा वार्षिक अंक बंद ठेवावा लागत नाही.

दुकानदार म्हणतो, चोवीसपेक्षा पंचेचाळीस जवळजवळ दुप्पट. दुप्पट क्षेत्रफळाने. रुंदीला ६,००० चे ८,२५६ होतात, म्हणजे सदतीस-अडतीस टक्के वाढ. चित्र खरोखर दुप्पट रुंद करायचे तर मेगापिक्सेल चौपट लागतात. हे गणित शाळेत सातवीला येते, पण दुकानात आठवत नाही. आणि फोनचे १०८ किंवा २०० मेगापिक्सेल? तिथे नखाएवढ्या चकतीवर पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असतात, आणि फोन स्वतःच नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण बारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. वाईट नसते ते. फक्त खोक्यावर छापलेला आकडा मोठ्या छपाईसाठी विसरून जावा.

इथपर्यंत घाटाची गोष्ट झाली. तिरुवैयारू म्हणजे पाच नद्यांचे गाव. तंजावरहून येताना पूल मागून पूल लागतात. अय्यारप्पराचे देऊळ चोळांच्या काळचे. त्याच्या आवारातले उत्तर कैलास राजराजाची राणी लोकमहादेवी हिने बांधवले. काठावर मराठ्यांच्या काळातला पुष्य मंडप आणि स्नानाचा घाट, आणि त्याच काठावर त्यागराजांची समाधी. त्यागराज १८४७ च्या जानेवारीत गेले, म्हणजे ट्राइप आला तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि समाधीवर आजचे देऊळ नव्हते; ते विसाव्या शतकात बंगळूर नागरत्नम्मांनी उभे केले. ट्राइपच्या त्रिवाडीत आणि आपल्या तिरुवैयारूत हा मोठा फरक.

मी तिथे जानेवारीत, आराधना आटोपल्यावर दोन-तीन दिवसांनी गेलो होतो. मांडव उतरत होता. ज्यांना घाटाचे चित्र घ्यायचे आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे: मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. फेब्रुवारीनंतर गेलात तर नदीऐवजी वाळू मिळेल. गाव उत्तर तीरावर आहे, घाट दक्षिणेकडे तोंड करून आहे, आणि हिवाळ्यात सूर्यही दक्षिणेकडून चालतो, म्हणून पायऱ्यांवर दिवसभर उजेड असतो. सकाळी आठच्या आत पायऱ्यांच्या सावल्या लांब पडतात, तीच वेळ. सहा फुटी चित्रासाठी मी तिवईवर कॅमेरा उभा धरून, फिरवत फिरवत सात चित्रे घेतली आणि जोडली. एका चित्रातही काम भागले असते. पण एवढ्या लांब गेलो होतो.

खरी कसोटी शिलालेखाची आहे, आणि इथे वरचे सगळे गणित उलटते.

सर्फोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. बाबूराव चिटणीसांनी मजकूर सिद्ध केला. दगडावरचा एवढा लांब लेख जगात क्वचितच असेल. आता हा लेख छापून सभागृहात लावला तर माणूस सहा फुटांवर उभा राहून तो कौतुकाने बघणार नाही. तो जवळ जाणार, नाक काचेला लावणार, आणि एकेक ओळ बोटाने वाचणार. मराठी माणूस अक्षर दिसले की वाचतोच. म्हणजे अंतर एक फूट. एक फुटावर डोळा इंचाला सुमारे २८६ ठिपके मागतो. इथे छपाईवाल्याचे तीनशे बरोबर ठरतात.

आणखी एक अडचण आहे. तंजावुरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही तमिळनाडूत आहेत. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. मराठी लिहायची झाली तर तमिळ लिपीत लिहितात. तिथल्या एका स्नेह्यांची इच्छा होती, की या लेखाचा एक भाग मूळ आकारात छापावा, खाली तमिळ लिपीत तोच मजकूर द्यावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसल्या जागी वाचता यावा. देवळात त्यांना उभे राहून, मान वर करून, गर्दीत ते शक्य होत नाही. माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याची निवड या एका कामासाठी होती. घाट हा वरचा मेवा.

तेव्हा मी मोजणी दगडापासून सुरू केली. १९५८ साली जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने, त्यांच्या लष्करासाठी, एक कसोटी काढली होती. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना ती ठाऊक असते. रात्रीच्या दुर्बिणीतून एखादी वस्तू आहे एवढे कळायला तिच्या आडव्या मापावर रेषांची एक जोडी पुरते. रणगाडा की ट्रक हे कळायला चार जोड्या. कोणता रणगाडा हे कळायला सहा-साडेसहा. जोडी म्हणजे दोन पिक्सेल, म्हणजे ओळख पटायला तेरा पिक्सेल. आता रणगाड्याच्या जागी अक्षर ठेवा. काहीतरी कोरले आहे, देवनागरी आहे, आणि हा भ आहे की म, ध आहे की घ, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भ आणि म यांत फरक किती? शिरोरेषेतली एक खाच. समजा अक्षर दोन सेंटिमीटर उंच आहे. ती खाच एखादा मिलिमीटर असेल. अनुस्वाराचा ठिपका दोन मिलिमीटर. खाचेवर किमान दोन पिक्सेल पडले पाहिजेत, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. सहा हजार पिक्सेलांत तीन मीटर भिंत बसते.

म्हणजे केवळ वाचण्यासाठी तीन मीटर भिंत एका चित्रात घेता येते. पण तेच चित्र मूळ आकारात छापले तर इंचाला पन्नासच ठिपके. अक्षर ओळखू येईल, डोळ्याला बोचेल. मूळ आकार आणि तीनशे ठिपके दोन्ही हवे असतील, तर एका चित्रात फक्त वीस इंच रुंद आणि तेरा इंच उंच एवढाच दगड घेता येतो. दोन मीटर गुणिले एक मीटरच्या तुकड्यासाठी, एकमेकांवर तीस टक्के चढवून, सहा-सहाच्या चार रांगा, चोवीस चित्रे. दीडशे ठिपक्यांवर तडजोड केली तर सहा चित्रांत भागते, आणि साठी उलटलेल्या डोळ्यांना त्यातला फरक फारसा कळत नाही. माझे स्वतःचे डोळे धरूनच बोलतो आहे.

आता गंमत बघा. ट्राइपची एकोणीस फुटी पट्टी आज तीनशे ठिपक्यांनी करायची म्हटली तर रुंदीला ६८,४०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला, तीस टक्के चढ ठेवला, तर चोवीस चित्रे लागतात. त्याला एकवीस लागली होती. दीडशे वर्षांनी आपण तिथल्या तिथेच आहोत, फक्त बैल गेले.

म्हणून माझे उत्तर असे: जास्त पिक्सेलांचा कॅमेरा न घेता पैसे भिंगात आणि तिवईत घालावेत. मी वापरलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जवळचे सपाट आणि सरळ टिपणारे मॅक्रो भिंग, आणि जड तिवई असा संच केला. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या देवळात तिवईसाठी आधी परवानगी काढावी लागते. ती काढल्याशिवाय निघू नका. भिंग साधारण एफ ८ वर ठेवावे. सगळे स्पष्ट यावे म्हणून एफ १६ वर नेले, तर प्रकाशाचे स्वतःचे पसरणे आड येते. तिथे एका बिंदूचा डाग सुमारे एकवीस मायक्रॉनचा होतो आणि पिक्सेल असतो चार ते सहा मायक्रॉनचा. मग पंचेचाळीस मेगापिक्सेल घ्या की शंभर, सगळे त्या डागात बुडतात. हात न लावता, टायमरवर चित्र घ्यावे.

कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. यासाठी जुन्या प्रतिलिपीकारांची एक युक्ती आहे: भिंतीला सपाट लागेल असा छोटा आरसा धरायचा आणि त्यात आपल्याच भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. घाटासारख्या दूरच्या दृश्याला कॅमेरा जागेवर फिरवावा. सपाट लेखाला तो ट्राइपप्रमाणे सरकवावा. लेखासमोर कॅमेरा नुसता फिरवला तर कडेची अक्षरे बारीक आणि तिरपी येतात आणि जोडताना ओळी मोडतात.

उजेडाचे महत्त्व मी पिक्सेलांच्या वर धरतो. कोरलेले अक्षर म्हणजे खाच, आणि खाच दिसते सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की दगड पांढरा आणि अक्षर नाहीसे. भिंतीला घासत जाणारा तिरपा उजेड हवा. पांढरा पुठ्ठा धरून एका बाजूने परावर्तित केला तरी फरक पडतो. शिलालेखतज्ज्ञांनी तर कॅमेऱ्यालाच बगल दिली होती. ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा, वरून शाई फिरवायची, आणि लेखाचा मूळ मापाचा ठसा घ्यायचा. तंजावरचे चोळ लेख हुल्ट्झ यांनी १८९० च्या दशकात साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्सच्या दुसऱ्या खंडात छापले. अभ्यासकाला हवे ते एका कागदात मिळत असेल, तर ट्रेव्हेलियनसाहेबांना छायाचित्र चैन वाटले यात मला फारसे नवल वाटत नाही. आवडत नाही, पण नवल नाही.

आणखी एक प्रश्न हल्ली हमखास येतो. कमी पिक्सेलांचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरने मोठे करून का घेऊ नये? घाटाचे घ्या खुशाल. पाण्यावरच्या लाटा थोड्या कल्पनेतल्या आल्या तर कावेरी रागावणार नाही. ट्राइप स्वतः निगेटिव्हवर रंग लावून ढग आणत असे, कारण त्या काळच्या कागदावर आकाश कोरे पडे. पण लेखाला ते सॉफ्टवेअर लावू नका, मी हात जोडून सांगतो. ते तपशील शोधत नाही, बनवते. झिजलेल्या म चा ते सफाईदार भ करील, अनुस्वार गाळील, आणि मग ते इतके स्पष्ट दिसेल की शंका कोणी घेणार नाही. राजाच्या पूर्वजाचे नाव बदलायला तेवढे पुरते. सभागृहातल्या चित्रावरून उद्या कोणी नक्कल करून लेख लिहील आणि तो दगडाचा पुरावा म्हणून फिरेल. अक्षर दिसत नसेल तर ते चित्रातही दिसू नये.

छपाईचे थोडक्यात. मोठी इंकजेट यंत्रे ४४ इंच रुंदीच्या गुंडाळीवर छापतात, लांबी कितीही. म्हणून एक मीटर उंचीचा लेखाचा तुकडा एकसंध निघतो. चकचकीत कागद टाळा. ट्यूबलाइट त्यात दिसते, लेख दिसत नाही. पिगमेंट शाई आणि आम्लविरहित मॅट कागद मागा, दर जास्त पडेल. संपूर्ण चित्र छापण्याआधी मधला एक फूटभर तुकडा खऱ्या मापात छापून घ्या, भिंतीवर लावा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला वाचायला सांगा.

आमच्या स्नेह्यांच्या घरी तो तुकडा दीडशे ठिपक्यांत लावला आहे, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, कारण वाचणाऱ्या आजी खुर्चीत बसतात. त्या खालची तमिळ लिपीतली ओळ मोठ्याने वाचतात आणि मग वरच्या देवनागरीत तोच शब्द बोटाने शोधतात. राजे हा शब्द त्यांना आता न विचारता सापडतो.